सत्तावीस नंबरचा आवाज

१

बुधवारी सकाळी मी संगणक उघडला तेव्हा सत्तावीस नंबरच्या माणसाचा आवाज नाहीसा झालेला होता.

माणूस शाबूत होता. त्यानं लिहून पाठवलेल्या निरोपांच्या नोंदी जागच्या जागी होत्या, फोटोंच्या होत्या, कुठे मराठीत कन्नड मिसळलं त्याच्या खुणा होत्या. फक्त त्यानं बोलून पाठवलेले निरोप, ज्यांना सगळे व्हॉइस मेसेज म्हणतात, तेवढे कुणीतरी वेचून पुसले होते. बाकी शेकडो माणसांच्या एकाही ओळीला धक्का लागलेला नव्हता. यंत्र बिघडलं तर असं वेचून बिघडत नाही.

आमचं अभ्यासकेंद्र बेळगावात आहे. घरातलं कुणी दूर गेलं की घर त्याच्याशी कसं बोलत राहतं, हा आमचा विषय. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी इथल्या कुटुंबांनी आपापल्या व्हॉट्सॲप गटांची माहिती आम्हाला परवानगीनं दिली होती. शब्द आम्ही घेत नव्हतो. निरोप कधी गेला, लिहिलेला, बोललेला की फोटो, केवढा, कुठल्या भाषेत, एवढंच. नावं काढून नंबर दिले होते. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेली, या लाखभर ओळींत काही आकार दिसतो का, ते बघणं माझं काम.

आणि सत्तावीस नंबरचा आकार विचित्र होता. नोंदीप्रमाणे तो निपाणीहून मस्कतला नोकरीला गेलेला. लिहायचा रोज. बोलायचा मात्र क्वचित, आणि बोलायचा त्या दिवशी एकामागून एक निरोप. तिथे शुक्रवारी सुट्टी असते, पण त्याचे बोलायचे दिवस शुक्रवारी पडत नव्हते. सोमवारच्या बैठकीत मी त्याचा आलेख भिंतीवर दाखवून म्हणाले होते, "हे दिवस कुठले ते मी शुक्रवारपर्यंत शोधते."

शुक्रवारच्या आतच कुणीतरी ते दिवस पुसले.

संगणकाचा पासवर्ड चौघांकडे होता: आमच्या प्रमुख पूर्णिमा मॅडम, माझी सहकारी सौम्या, गावोगाव फिरून परवानग्या आणणारा नागेंद्र, आणि मी.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कारण कळलं नाही, तर ते अख्खं कुटुंब अभ्यासातून काढावं लागेल. माझा नाइलाज आहे."

"काढू नका मॅडम," नागेंद्र म्हणाला. त्याचा आवाज नेहमीच गरजेपेक्षा दुप्पट मोठा. "त्या मावशीनं एका अटीवर हो म्हटलंय."

"कसली अट?"

"तुमच्या यंत्रात माझं पोरगं कवा येणार ते दिसलं, तर मला सांगायचं म्हणाली."

कुणी हसलं नाही. मॅडमनी चष्मा परत लावला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आपण माणसं मोजतो, नागेंद्र. शोधत नाही. हे तिला सांगितलं होतंस ना?"



२

सौम्यावर संशय घेणं सोपं होतं. ती चिकोडीची, मराठी-कन्नड मिसळून लिहिण्यावर तिचा प्रबंध चालला आहे, आणि सत्तावीस नंबरवर तिचा राग होता. त्याचे आकडे इतरांशी जुळत नसल्यामुळे तिचं प्रत्येक गणित एका बाजूला कलायचं. दोनदा तिनं माझ्याकडे त्याला वगळण्याची मागणी केली होती.

दुपारी डबा खाताना मी विषय काढला.

"झडती घे की मग," ती म्हणाली. "शेंगादाण्याची चटणी आहे बघ. ती पण पुसून टाक, म्हणजे काम पूर्ण."

"मी विचारलं फक्त."

"तुझं विचारणं म्हणजे पोलीस ठाण्यात गेल्यासारखं वाटतंय. हे बघ ऋतिका, मला तो माणूस नको आहे, हे सगळ्या ऑफिसला माहीत आहे. पण मला नको आहे ते त्याचं लिहिणं. ते तर सगळं आहे तसं आहे. मी पुसलं असतं तर अख्खा माणूस पुसला असता. अर्धा ठेवून मी काय करू?"

तिचं बरोबर होतं, आणि तिच्या रागातून मला कामाचा प्रश्न मिळाला होता. अर्धा माणूस ठेवण्यात कुणाचा फायदा? पूर्ण सत्तावीस नंबर गेला असता तर ते कुटुंबच अभ्यासातून बाद झालं असतं. पुसणाऱ्याला ते नको होतं. त्याला कुटुंब राहायला हवं होतं आणि आवाज जायला हवा होता.

मॅडमशी बोलायला गेले तेव्हा त्या खिडकीपाशी उभ्या होत्या.

"पुसलेलं परत मिळेल?" त्यांनी विचारलं.

"त्यांच्या फोनमधून पुन्हा काढून घेतलं तर. निपाणीला जावं लागेल."

"जा. नागेंद्रला घेऊन जा, घर त्याला माहीत आहे. पण लक्षात ठेव, माहिती घ्यायला चालली आहेस. द्यायला नाही."

मी नागेंद्रला सांगितलं. महिन्यातून एकदा आनंदानं निपाणीला जाणारा माणूस म्हणाला, "यावेळी मी येत न्हाई. पोट बिघडलंय."

थोड्या वेळापूर्वी त्यानं माझ्यासमोर दोन भजी-पाव खाल्ले होते.

३

शेवटी तो आला. निपाणीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला, आणि इतका मोठ्यानं बोलणारा माणूस एक अक्षर बोलला नाही.

त्या मावशीचं, म्हणजे शालूबाईंचं, घर स्टँडपासून लांब नाही. त्या पूर्वी तंबाखूच्या वखारीत कामाला जायच्या. आता लेक उपासना शाळेत शिकवते आणि तिनं आईचं काम सोडवलं आहे. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धाची छोटी मूर्ती. त्यांच्या समोरच्या भिंतीवर कापून चिकटवलेला फ्लेक्सचा तुकडा: गुबगुबीत गालांचा, हार घातलेला तरुण, आणि खाली ठळक अक्षरांत 'मस्कतला रवाना'.

"ह्यो माझा प्रशिक," शालूबाई म्हणाल्या. "अख्ख्या गल्लीनं फ्लेक्स लावलाता. स्टँडाच्या कोपऱ्यावर मोठा अजून हाय, उन्हानं उडालाय रंग. बॅंड लावून घालवला बग पोराला. कवा येणार, दिसलं का गं तुमच्यात?"

"नाही मावशी. त्यात पुढचं दिसत नाही. झालेलंच दिसतं."

"झालेलं मला बी म्हाईत हाय," त्या म्हणाल्या, आणि मला चहाचा कप दिला. "तू नव्हंस, त्यो नागेंद्र तरी सांगंल म्हणत असतोय मी. दर म्हैन्याला येतोय, चहा पितोय, आणि खाली मान घालून जातोय. पावण्यागत."

नागेंद्रनं तेव्हाही खालीच मान घातली होती.

उपासनानं फोनमधून माहिती काढून माझ्या संगणकावर दिली. तेवढ्यात मी तिला विचारलं, "परवानगी देताना भावाला विचारलं होतं?"

"दादा नको म्हणाला होता. चिडलाच होता. शब्द घेत नाहीत, फक्त वेळ घेतात, असं मी समजावलं. मग गप्प बसला." तिनं आवाज खाली आणला. "आईला रोज वाटतं त्याला बघावं. व्हिडिओ कॉल तिथं चालत नाही म्हणतो. फोटो पाठव म्हटलं तर डोंगराचे पाठवतो. वर्ष झालं, स्वतःचा एक फोटो नाही."

शालूबाईंनी ऐकलं. "आवाज पाठवतोय की पण. ऐक," म्हणून त्यांनी फोन माझ्या कानाशी धरला.

तरुण आवाज होता, शांत, थोडा थकलेला. आई, जेवलीस का. गुडघ्याला तेल लाव. मी बरा आहे.

"मागं काय बी ऐकू येतंय का?" शालूबाईंनी विचारलं.

"नाही."

"येवढं मोठं गाव म्हनं मस्कत. गाडी न्हाय, माणूस न्हाय, कुत्रं न्हाय. कसं रं पोर ऱ्हात असंल तसल्या सुनसान जागंत?" त्या फोनकडे बघत राहिल्या. "पाठवतोय बी कवातरीच. म्हैना म्हैना आवाज न्हाय, आणि एखाद्या दिवशी नुस्ता बोलत सुटतोय. त्या दिवशी मी सैपाक करत न्हाय. ऐकतच बसतोय."

निघताना नागेंद्र चपला घालत फ्लेक्सकडे बघून पुटपुटला. पुटपुटणं त्याला जमत नाही. मला स्पष्ट ऐकू आलं. "फोटोत काय गाल आहेत. आता कुठले राहिल्यात तेवढे."

"व्हय की," शालूबाई म्हणाल्या, "परमुलखातलं अन्न."

गाडी तवंदी घाट चढायला लागली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रशिकचा एकही फोटो गेल्या वर्षात कुणी पाहिलेला नव्हता. मग त्याचे गाल उतरल्याचं नागेंद्रला कसं माहीत?

४

मी त्याला गाडीत विचारलं नाही. प्रश्नाचं उत्तर आधी आपल्याकडे असलं तर माणूस खोटं बोलायला कचरतो.

आमचं घर बेळगावातल्याच वडगावात. आजोबांपर्यंत सगळे शेतकरी, आता बाबा बँकेत. संध्याकाळी मी ओसरीवर संगणक घेऊन बसले आणि परत मिळालेले ठिपके मांडले. एक ठिपका म्हणजे एक बोललेला निरोप. आठवड्याच्या हिशोबानं लावून बघितलं, जुळलं नाही. पगाराच्या तारखांनी नाही, मस्कतच्या सणांनीही नाही.

मग मी दिवसांची नावं सोडून दिली आणि नुसती अंतरं बघितली. ठिपक्यांच्या दोन झुबक्यांमध्ये महिन्याच्या जवळपास अंतर होतं, पण इंग्रजी महिन्याचं नव्हे. प्रत्येक वेळी किंचित आधी सरकणारं. आकाशात एकच वस्तू अशी सरकते.

मी स्वयंपाकघरातली दिनदर्शिका काढून आणली. पहिला झुबका: अमावस्या. दुसरा: अमावस्या. तिसरा, चौथा, तेही.

मस्कतमधला माणूस अमावस्येलाच का बोलेल? आणि तोही बौद्ध घरातला, ज्याच्या दारात आपल्या अमावस्येला ना नारळ फुटतो ना काही?

काही ठिपके यात बसत नव्हते. आषाढात मंगळवारामागून मंगळवार तो बोलला होता, आणि मग ते थांबलं होतं. हे मंगळवार मला दिनदर्शिकेत शोधावे लागले नाहीत. देवीच्या यात्रेआधी आमच्याकडे वार पाळतात. त्या मंगळवारी शेतात कुणी औत धरत नाही, गिरणी बंद, हातातलं काम बंद. लहानपणी आम्हाला त्या दिवशी अभ्यासही करावा लागायचा नाही म्हणून तो वार मला फार आवडायचा. निपाणीत हे कुणाला माहीत असायचं कारण नाही, मस्कतमध्ये तर नाहीच.

उरले मोजके ठिपके, वर्षभर विखुरलेले, सगळे भरदिवसाचे. त्यांच्यावर मी बराच वेळ अडले. शेवटी बेळगावची जुनी वर्तमानपत्रं चाळली, आणि वीजमंडळाच्या चौकटीतल्या बातम्या मिळाल्या: दुरुस्तीसाठी शहापूर भागात वीज बंद. ठिपके आणि बातम्या एकावर एक बसले.

आता फक्त एक प्रश्न उरला होता. अमावस्येला बंद असतं, वाराला बंद असतं आणि वीज गेली की बंद पडतं, असं काय आहे?

आमच्या घरापासून शहापूरच्या बाजूला थोडं चाललं की ते ऐकू येतं. पहाटेपासून रात्रीपर्यंत, भिंतीतून, जमिनीतून, एकावर एक चढलेली खडाखड. साड्यांचे यंत्रमाग. त्या गल्ल्यांत खोली घेतली तर झोपेतही तो आवाज सोडत नाही.

त्यानं खूप काळजी घेतली होती. माग चालू असताना आईला आवाज पाठवायचा नाही, एवढं एकच पथ्य पाळलं होतं. पण मागांना सुट्टी असायची ते दिवस त्याच्या घरचे नव्हते, माझ्या घरचे होते. त्याला त्यांची नावंही माहीत नसतील. त्याच्यासाठी ते फक्त शांत दिवस होते.

प्रशिक मस्कतमध्ये नव्हता. तो माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता.

५

नागेंद्र शहापूरचा. मागाच्या घरात वाढलेली माणसं हयातभर मोठ्यानं बोलतात. हे मला आधीच सुचायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी मी त्याच्या गल्लीत गेले. तो दारात दात घासत होता. मला बघून तोंडातला फेस गिळला.

"अमावस्या, वार आणि करंट," मी म्हणाले.

"चहा घेणार?" तो म्हणाला.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

त्यानं तोंड धुतलं, पायरीवर बसला. "चार-सहा महिने झाले. आमच्या घरामागच्या शेडात नवीन माणूस आला म्हणून बघायला गेलो. निपाणीच्या घरात दर महिन्याला भिंतीवर बघतोय तोच चेहरा, नुसते गाल न्हाईत. मी नावानं हाक मारलो. पळून गेला बिचारा. दुसऱ्या दिवशी आला आणि पाय धरूलालाय माझे. कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली."

"आणि तू दर महिन्याला तिच्याकडे जाऊन चहा पितोस."

"मग काय करू? न जाऊ? ती माझ्या वाटेकडं बघत बसते की गं." त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला, समोरची बाई झाडू थांबवून बघायला लागली. त्यानं तो खाली आणायचा प्रयत्न केला. "तू सोमवारी भिंतीवर त्याचे ठिपके लावलीस. मॅडम बेळगावच्या. अमावस्या म्हटल्यावर त्यांना माग आठवायला किती वेळ? त्याचं पितळ त्यांच्या वहीत उघडं पडणार, आणि त्यानं स्वतः काही सांगायच्या आत ते त्याच्या आईपर्यंत पोचणार. म्हणून पुसलो. कुटुंब बाहेर पडू नये म्हणून तेवढंच पुसलो."

"मला भेटव त्याला."

"कशाला? सांगणार आईला?"

"मला सांगता येत नाही. नंबर कुणाचा ते सांगायचं नाही, असं आपण लिहून दिलं आहे. भेटता येतं की नाही तेही मला माहीत नाही. पण मी येणार."

शेडमध्ये शिरल्याबरोबर आवाजानं छातीवर हात ठेवल्यासारखं झालं. शेवटच्या मागावर तो उभा होता. केसांवर, भुवयांवर, खांद्यांवर सुताची पांढरी लव बसलेली. नागेंद्रनं त्याला खुणेनं बाहेर बोलावलं. मागच्या अंगणात, भिंतीच्या आडोशाला, ओरडून बोललं तर ऐकू येत होतं.

मी कोण ते सांगितलं. तो घाबरला नाही. बहुधा वर्षभर घाबरून संपलेला होता.

"कंपनी बंद पडली तिथली," तो म्हणाला. "चार म्हैन्यांत परत. मुंबईहून गाडीत बसलो, निपाणीचंच तिकीट काढलंतं. गाडी निपाणीला थांबली, आणि खिडकीतनं बघतोय तर कोपऱ्यावर मीच. हार घालून. खाली गल्लीतली चार पोरं उभी. मी उतरलोच न्हाय. कंडक्टर म्हणतोय, निपाणी आली की. म्हटलं, पुढं जायचंय. बेळगावात उतरलो, नि मग पाय काय तिकडं वळले न्हाईत."

"इथून सव्वा-दीड तासाची वाट आहे."

"म्हाईत हाय." तो गल्लीच्या तोंडाकडे बघत म्हणाला. "सुट्टीच्या दिवशी स्टँडावर जातोय मी. निपाणीची गाडी लागती, सुटती. दुसरी लागती. बघतोय आणि येतोय. मस्कतात असताना एवढं लांब वाटलं न्हवतं बगा."

असलं काही ऐकून घ्यायची मला सवय नाही. आकडे सांगायला मला येतात.

"मी तुमच्या आईला काही सांगणार नाही," मी म्हणाले. "पण त्यांनी एक विचारलं आहे. तुम्ही कधी येणार. त्याचं उत्तर आमच्या यंत्रात नाही. ते तुमच्याकडेच आहे."

"रागावंल."

"त्या दिवशी त्या स्वयंपाक करत नाहीत," मी म्हणाले. "तुमचा आवाज येतो त्या दिवशी. ऐकत बसतात."

तो भिंतीला टेकून खांद्यावरची लव झटकत राहिला.  मग प्रशिकनं खिशातून फोन काढला, आडोसा सोडला आणि सरळ शेडच्या दारात जाऊन उभा राहिला, आवाजाच्या मधोमध. फोन तोंडाशी धरला, अंगठा दाबून ठेवला.

त्याचे ओठ हलताना दिसत होते. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही.

६

दुपारभर उत्तर आलं नाही. आईनं ऐकलं होतं, तसं प्रशिकच्या फोनवर दिसत होतं. पण ना लिहून काही, ना बोलून. संध्याकाळी नागेंद्र मला म्हणाला, "तो परत पळणार बघ."

शुक्रवारच्या बैठकीत मी मॅडमना सांगितलं की पुसलेलं परत मिळालं आहे, पण सत्तावीस नंबरचा आलेख मी भिंतीवर लावणार नाही. नावं काढली तरी माणूस कधी बोलतो आणि कधी गप्प बसतो यावरून त्याचा पत्ता लागतो. आपण घेतलेली परवानगी एवढ्याला पुरत नाही. मॅडमनी आलेख मागितला नाही, पुसलं कुणी एवढंच विचारलं. मग नागेंद्र उभा राहून म्हणाला, "मी पुसलो," आणि मॅडम त्याला असं काही बोलल्या की बाहेर जेवायला बसलेल्या सौम्यानं डबा बंद केला. त्याच बैठकीत त्यांनी नेमका दिवस न ठेवता सगळ्यांच्या तारखा धूसर करायला सांगितल्या. माझं निम्मं काम त्यात जाणार होतं. मला वाईट वाटलं नाही.

नागेंद्रचा फोन वाजला तो त्या बोलणी खाण्याच्या मधेच. उपासना होती.

"आई सकाळीच गाडीत बसली," ती सांगत होती. "काल दिवसभर तोच निरोप ऐकत बसली, कुणाशी बोलली नाही. शहापूर एवढंच कळतंय त्यात, पुढचं खडाखडीत गेलंय. मी शाळेतून येते म्हटलं तर थांबली नाही. फोनही उचलत नाही. तुम्ही बघाल का?"

मॅडमनी आमच्याकडे बघितलं. "जा," त्या म्हणाल्या.

नागेंद्र गाडीवरून थेट शेडकडे गेला. मी वडगावच्या बाजूनं चालत गल्ल्यांत शिरले, आणि तिसऱ्या-चौथ्या गल्लीत शालूबाई दिसल्या.

त्या एका शेडच्या दाराशी उभ्या होत्या. एका कानाशी फोन, दुसरा कान शेडकडे. थोडा वेळ ऐकलं, मान हलवली, पुढच्या दारापाशी गेल्या. तिथेही तेच. प्रत्येक दारातून एकसारखा आवाज येत होता. आत डोकावून बघायच्या, कुणी ओरडून विचारायचं, "कोण पाहिजे आक्का?" त्या नाव सांगायच्या आणि समोरच्याला ते ऐकू जायचं नाही.

मी जवळ गेले. त्यांनी मला ओळखलं. आश्चर्य दाखवलं नाही.

"पोरी," त्या म्हणाल्या, "सगळीकडं ह्योच आवाज हाय गं."

मला प्रशिकचं शेड ठाऊक होतं. दोन वळणांवर होतं. हे सांगायचा हक्क आता मला आहे का, हे मी ठरवत असतानाच माझ्या तोंडून निघून गेलं, "पुढच्या गल्लीत चला, मावशी."

आम्ही वळलो. त्या गल्लीच्या टोकाला नागेंद्र उभा होता, आणि त्याच्यामागून प्रशिक बाहेर येत होता. उन्हात आल्यावर त्याला नीट दिसेना. तो हात आडवा धरून बघत होता. सुताच्या लवेनं डोकं पांढरं, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा.

शालूबाई थांबल्या. फोन कानापासून खाली आला. वर्षभर ज्याला बघायचं होतं, त्याला त्यांनी पायांपासून डोक्यापर्यंत एकदा सावकाश बघून घेतलं.

"मस्कतात बर्फ पडतंय व्हय रं?" त्या म्हणाल्या.

नागेंद्र हसला आणि लगेच गल्लीच्या दुसऱ्या बाजूला बघायला लागला. प्रशिकनं डोळ्यांवरचा हात खाली घेतला. त्या पुढे गेल्या. पदराचं टोक ओठांनी ओलं करून त्याची एक भुवई पुसली, मग दुसरी, जणू कुठलं पोर आहे ते खात्री करून घ्यायचं होतं.

"आई, मी..."

"माग चालू ठिवून आलाईस का बंद करून?"

"चालू हाय. शेजारचा बघतोय."

"मग जा की. दुसऱ्याच्या जिवावर काम टाकून उभा ऱ्हातोय." त्यांनी शेडच्या दाराकडे बघितलं. "सुटतोस कवा?"

"सहाला."

शालूबाईंनी पायरीवरची लव हातानं झटकली, फोन पिशवीत टाकला आणि भिंतीला पाठ लावून बसल्या.

"जा," त्या म्हणाल्या. "बसतोय मी."